लागोपाठ दोनदा आतून

तीसएक वर्षांपूर्वी दादरच्या एका नाट्यगृहात, भर स्पर्धेत, आमच्या मंडळाचा गोफ सुटला नाही. त्याला गाठ बसली. ती माझ्या पायानं बसली. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मास्तरांना ते जाईपर्यंत नाही, आणि ज्याच्या नावावर ती गाठ लागली त्याला तर नाहीच नाही.

आता लिहायला बसलोय तो मन हलकं करायला नाही. संताप आलाय. गेल्या महिन्यात त्याच माणसाच्या हातून मी अंगावर शाल घेतली आणि दात दाखवून फोटो काढला. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर आहे. खाली जोडलेले हात, फुलं, टाळ्या. अजून रोज कोणीतरी एक फूल टाकतं. टाका म्हणावं.

ज्यांनी गोफ पाहिला नाही त्यांना तो सांगायला हवा, नाहीतर माझी लबाडी कळायची नाही. एका उंच खांबाच्या टोकाला कडी असते. कडीतून आठ रंगांचे आठ दोर खाली सोडलेले. आठ माणसं गोलात उभी, डाव्या हातात दोर, उजव्या हातात टिपरी. चौघं या बाजूनं फिरतात, चौघं उलट्या बाजूनं. समोरून जो येईल त्याच्या टिपरीवर टिपरी मारायची आणि त्याच्या आतून निघायचं. पुढचा येईल त्याला टिपरी द्यायची आणि बाहेरून निघायचं. एकदा आतून, एकदा बाहेरून. बस, एवढंच. झांजेच्या ठेक्यावर हे चाललं की वरून वेणी विणत विणत खाली येते. मग झांज थांबते, सगळे जागच्या जागी वळतात आणि तीच वाट उलटी चालतात. वेणी सुटत जाते. शेवटी आठ दोर पुन्हा आठ मोकळे. लोक टाळ्या वाजवतात ते सुटल्यावर, विणल्यावर कोणी वाजवत नाही.

आमचे दोर सुती असत, मिलमधल्या सुताचे, लालबागच्या आमच्या चाळीतल्या बायकांनी घरीच रंगवलेले. घामानं रंग तळहाताला लागायचा आणि सोमवारी ऑफिसात रजिस्टरवर उतरायचा. माझा दोर पिवळा. माझ्या दोस्ताचा जांभळा. तो आमच्याच मजल्यावर तीन दारं सोडून राहायचा आणि करी रोडच्या एका छापखान्यात बाइंडिंगला होता. पुस्तकांचे फॉर्म, म्हणजे घडी घातलेली छापील पानं, मोजून मोजून त्याला सगळंच मोजायची सवय. जिना चढतानासुद्धा पायऱ्या मोजायचा. गोफात त्याचा पाय घड्याळासारखा पडायचा. आम्ही दोघं बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून एकाच खांबाभोवती फिरत होतो.

शिकवायचे ते मास्तर. मिलमधून बाहेर पडलेले, मालवणकडचे, तोंडानं फाटके. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सैल केला नाही. विणताना ज्याचा पाय चुकेल त्यानं तिथल्या तिथे मोठ्यानं ‘माझा!’ म्हणायचं. मग सगळ्यांनी एक टिपरी मागं जायचं, पाय बरोबर करायचा, पुढं चालू. का, कसा, कोणी धक्का दिला, काही सांगायचं नाही. फक्त ‘माझा’. कारण गोफाचं असं आहे की चूक विणताना दिसत नाही. वेणी खाली येतच राहते, बघणाऱ्याला छानच वाटते. ती चूक सोडवताना गाठ होऊन समोर येते. आणि गाठ बसलीच, तर ज्याचा पाय त्यानं ती हातानं सोडवायची. तोवर बाकीच्या सात जणांनी आपापला दोर धरून उभं राहायचं. कोणी दोर टाकायचा नाही.

रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात वीस-वीस वेळा ‘माझा’ ऐकू यायचं. गॅलरीतल्या बायका वरून चिडवायच्या, “काय रे, सगळं तुमचंच? आमच्यासाठी काय ठेवता की नाही?” एखादा नवीन पोरगा लाजून गप्प बसला की मास्तर झांज खाली ठेवून त्याच्या समोर जाऊन उभे राहायचे. “माझो म्हणूक लाज वाटता काय? मगे दोर धरूच नको. घराक जा.”

मला लाज वाटायची नाही. रविवारी पटांगणात मी ते शेकडो वेळा म्हटलंय. फुकट होतं ना तिथं.

त्या वर्षी मास्तरांना दम लागायला लागला होता. जिन्यात दोनदा बसायचे. स्पर्धा झाली की झांज दुसऱ्याच्या हातात देणार, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. झांज ज्याच्या हातात त्याचं मंडळ. कोणाच्या हातात, ते सांगितलं नव्हतं, पण नावं दोनच होती, माझं आणि त्याचं. तो म्हणायचा, “तू घे रे. तुला बोलता येतं, चार लोकांत उभं राहता येतं. मी आपला फिरतो.” असं म्हणण्यानंच मला राग यायचा. कारण पाय त्याचा चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं, गॅलरीतल्या बायकांनासुद्धा माहीत होतं.

स्पर्धेत चौथ्या फेरीला मी पहिल्या रांगेकडं पाहिलं. परीक्षक काहीतरी लिहीत होते. त्यांनी लिहिताना माझ्याकडं बघावं असं मला वाटलं. एवढाच वेळ गेला. मी आधीच्या माणसाच्या आतून निघालो होतो, आता बाहेरून जायचं होतं, आणि मी पुन्हा आतून गेलो. लागोपाठ दोनदा आतून. समोरून माझा दोस्त येत होता. आतली वाट त्याची होती. तो आत शिरतच होता, मी समोर दिसलो, आणि टक्कर होऊ नये म्हणून तो शेवटच्या क्षणी बाहेर सरकला. टिपरीवर टिपरी बरोबर पडली. आवाज इतका स्वच्छ आला की कोणाला काही कळलं नाही.

मला कळलं. त्याच टिपरीला कळलं.

तिथं ‘माझा’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? एक टिपरी मागं गेलो असतो. दोन-चार गुण गेले असते. गोफ सुटला असता. मी तोंड उघडलं नाही. पुढचे पाय मी अगदी बरोबर टाकले, आणि विणून होईपर्यंत आणि अर्धं सुटेपर्यंत मी वर बघत, हसत, टिपऱ्या देत फिरत राहिलो. या वेळाचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. गाठीचा नाही येत तेवढा. पाय कोणाचाही चुकतो. पण मी तेवढा वेळ हसत फिरलो.

मग दोर अडले. वर, माणसाच्या डोक्याच्या दीड हात वर, एक गाठ. पिवळा आणि जांभळा. झांज थांबली. मास्तर विंगेतून आत आले, मान वर करून बघितलं आणि आमच्या दोघांकडं वळले.

“कोणाचो?”

प्रेक्षकांत शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. कोणीतरी मागून ओरडलं, “अरे कात्री द्या रे त्यांना!” सगळं थिएटर हसलं. मी खांबाच्या बुंध्याकडं बघत होतो.

दोस्त म्हणाला, “मास्तर, मी बाहेरून गेलो. आतून जायला पाहिजे होतं.” मग म्हणाला, “माझा.”

ते खरं होतं. तो बाहेरूनच गेला होता. त्याच्याजवळचं अर्धं खरं त्यानं जसंच्या तसं दिलं. उरलेलं अर्धं माझ्याजवळ होतं, आणि तो माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. बघितलं असतं तर मी बोललो असतो का? नाही. आता तरी स्वतःला थापा मारायला नकोत.

घंटा वाजली, पडदा पडला. नियमाप्रमाणं आम्ही दोर सोडले नाहीत. आठ माणसं आणि एक खांब, दावणीला बांधल्यासारखे, तसेच सरकत सरकत विंगेत गेलो. रंगमंचावर पुढच्या मंडळाचा कोळी नाच सुरू झाला. इकडं दोस्त स्टुलावर चढून गाठ सोडवत होता. सुती दोर, घामानं ओला, ओढून ओढून घट्ट झालेला. त्याची नखं दुखत होती, मधेच बोटं तोंडात धरत होता. मी खाली माझा पिवळा दोर धरून उभा. एकदा तो म्हणाला, “जरा ढील दे रे.” मी ढील दिली. त्या दिवशी त्याला मी एवढंच दिलं.

पुढच्या महिन्यात झांज माझ्या हातात आली.

दोस्त यायचा बंद झाला. मास्तरांनी दोनदा निरोप धाडला, आला नाही. लग्नानंतर तो घोडपदेवला राहायला गेला. तिथं मी एकदा गेलो. वहिनींनी चहा केला. मी म्हटलं, “ये ना रविवारी, पोरं विचारतात.” तो म्हणाला, “नको रे. माझा पाय मला आता खरा वाटत नाही. मी बरोबर टाकला असं वाटत होतं, शपथेवर सांगितलं असतं. मग कशावर भरवसा ठेवू?” मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि निघालो. जिना उतरताना मला मोकळं वाटलं. लिहिताना हात थांबत नाही, याचंच आश्चर्य वाटतंय.

इथवर एक वेळ भेकडपणा म्हणून सोडून देता येईल. पुढचं तसं नाही. झांज हातात घेतल्याच्या पहिल्याच वर्षी एका नव्या मुलाचा पाय चुकला आणि तो घाबरून गप्प राहिला. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, “काय, जांभळा केलास?” पोरं हसली. जुनी होती त्यांना समजलं, नवी होती त्यांनी विचारून घेतलं. तेव्हापासून आमच्या मंडळात पाय चुकला की ‘जांभळा केला’. गाठ बसली की ‘जांभळं सांडली’. हा शब्द मी काढला. ज्याचा पाय चुकला होता त्यानं काढला. आज मंडळातल्या निम्म्या पोरांना तो कुठून आला हेही माहीत नाही, बोलण्यात बसून गेलाय. त्या ‘माझा’ची जागा कधी गेली तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. आता कोणी ‘माझा’ म्हणत नाही. ‘जांभळा झाला’ म्हणतात, जसा काही तो आपोआप होतो.

दोरही मी बदलले. सुती काढून सॅटिनच्या फिती आणल्या, दादरच्या मार्केटमधून. कमिटीला सांगितलं, चमकतात, व्हिडिओत बऱ्या दिसतात. खरं म्हणजे सॅटिन सरकतं. त्याला गाठ धरत नाही. जरा हिसका दिला की सुटतं, आणि कोणाचा पाय चुकला हे कधीच कळत नाही. मास्तर तोवर गेले होते. नाहीतर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं.

चाळ पडली, टॉवर झाला. आता तालीम पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर होते. सोसायटीतले लोक तिला ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणतात आणि टिपऱ्यांना रबर लावा म्हणून अर्ज करतात. सूत्रसंचालन करणारी बाई दर वेळी ‘लुप्त होत चाललेली परंपरा’ म्हणून सुरुवात करते आणि माझ्याकडं हात करते. मी मान झुकवतो. परंपरा! परंपरा एकच होती, ती मी दादरला गिळली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दोस्ताची मुलगी मंडळात आली. पंचवीस-सव्वीसची, माटुंग्याच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बापाचा पाय घेऊन आलीय. पहिल्याच रविवारी एका टिपरीला चुकली आणि हसत म्हणाली, “सॉरी सॉरी, जांभळा केला!”

माझ्या हातातली झांज वाजायची राहिली. तालीम संपल्यावर मी तिला विचारलं, “हा शब्द कुठून आला, माहीत आहे तुला?”

“हो की काका. बाबांनीच सांगितलं. म्हणाले, मंडळात माझं काही नाही तरी शब्द आहे ना एक.”

ती हे गमतीनं सांगत होती. पाण्याची बाटली बॅगेत घालत पुढं म्हणाली, “पण बाबांचं अजून चालूच असतं हां. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला आठ नाड्या बांधल्यात त्यांनी, परकराच्या. आई ओरडत असते. रिटायर झाल्यापासून तर रोज. विणतात, सोडवतात.”

“कशाला?”

“कुठं चुकलो ते शोधतात. परवा मला म्हणाले, चौथ्या फेरीला मोजणीनं मी आतूनच जायला हवा, आणि मी आतच शिरत होतो. समोर कोणीतरी आलं म्हणून बाहेर सरकलो. मी म्हटलं, मग समोरचाच चुकला असेल ना बाबा! समोर कोण होतं?”

“मग?”

“म्हणाले, समोर पिवळा. म्हणजे तुम्ही. मग स्वतःच म्हणतात, छे, तो कसा चुकेल. तो असता तर बोलला असता. मलाच तसं वाटत असणार.” तिनं बॅग खांद्याला लावली. “काही म्हणा काका, बाबांचा तुमच्यावर जाम विश्वास आहे.”

हे ऐकून मला त्याचाच राग आला. खोटं नाही सांगत. गाढवा, तीस वर्षं मोजतोयस, उत्तर हातात आलंय, आणि ते टाकून देतोयस? कोणासाठी? पकड ना माझी मान! चार लोकांत विचार! तो येणार नाही, विचारणार नाही, खिडकीशी उभा राहून नाड्या सोडवत बसेल. कारण नियम नियम आहे, पाय चुकला असता तर मी बोललो असतो, यावर त्याचा विश्वास आहे. मास्तरांचा नियम आमच्यापैकी एकट्या त्यानं पाळला.

गेल्या महिन्यात मंडळानं माझा सत्कार ठरवला. मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा तेही म्हटलं नाही. शाल कोणाच्या हस्ते, तर पोरांनी परस्पर ठरवलं, जुन्या सोबत्याच्या हस्ते. संध्याकाळी पाचचा कार्यक्रम. तो साडेचारला येऊन मागच्या रांगेत बसला होता. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी दिसत होती. केस गेलेत, बाकी तसाच. स्टेजच्या चार पायऱ्या चढताना त्याचे ओठ हलत होते. मोजत होता.

शाल उलगडून तो माझ्यासमोर आला आणि हळूच म्हणाला, “मास्तर, कशी टाकू? आतून की बाहेरून?”

तो विनोद होता की प्रश्न होता, मला माहीत नाही. त्याचे डोळे हसत होते. मीही हसलो. फोटोतलं हसू ते. शाल खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या, माझ्या हातात माइक दिला. समोर सगळे होते. त्याची मुलगी, मंडळातली पोरं, आमच्या त्या आठांतले दोघं, वहिनी. तो माझ्या उजव्या हाताला उभा. एका शब्दाचं काम होतं.

मी दहा मिनिटं बोललो. लालबाग, गिरणगाव, मातीशी नाळ, नवीन पिढी. बोलता येतं ना मला. तोच म्हणाला होता.

घरी आल्यावर बायकोनं शाल घडी करून कपाटात ठेवायला घेतली. मी तिच्यावर खेकसलो, “राहू दे तिथंच!” ती म्हणाली, “अहो, चांगला मान झाला, आणि चिडता कोणावर?” शाल अजून खुर्चीच्या पाठीवर आहे.

हे लिहून झालं म्हणून काही झालं असं मी धरत नाही. आमच्यात लिहून चालत नाही. दोर हातात असताना, गोलात उभं राहून, मोठ्यानं म्हणावं लागतं. त्या आठांपैकी तिघं आता नाहीत, मास्तर नाहीत, त्यांच्यापुढं ते म्हणायची वेळ मी घालवली. जे आहेत ते आहेत. तालीम अजून रविवारीच असते. तो घोडपदेवला आहे, खिडकीच्या गजाला आठ नाड्या आहेत, आणि चौथ्या फेरीला समोर कोण होतं हे त्याला ठाऊक आहे.

मी त्याचं एक ‘माझा’ देणं लागतो. अजून दिलेलं नाही.